टाक्यांच्या जागी फुगवटा आलाय? या चुका टाळा

सिझर झालं, आतड्याचं ऑपरेशन झालं, अपेंडिक्स फुटलं म्हणून पोट उघडावं लागलं. वर्ष-दोन वर्षांनी त्याच टाक्यांच्या रेषेवर लिंबाएवढा फुगवटा दिसू लागतो. उभं राहिलं, खोकला आला की बाहेर. आडवं पडलं की गायब. घरच्या घरी निदान होतं: "गॅस असेल", नाहीतर "पोट सुटलंय".

हा इन्सिजनल हर्निया. वरची कातडी नीट जुळलेली असते, पण खालचा स्नायूंचा पडदा उसवलेला असतो आणि त्या फटीतून चरबी किंवा आतडं पुढे येतं. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर शंभरातल्या १० ते २० जणांना हा त्रास होतो, त्यामुळे लाजण्यासारखं यात काही नाही. जखमेत पू झाला असेल, वजन जास्त असेल, मधुमेह, सिगारेट किंवा जुना खोकला असेल तर शक्यता आणखी वाढते.

तपासणीत एक गंमत होते. ओपीडीत गेल्या गेल्या पेशंट टेबलावर आडवा होतो आणि फुगवटा आत जातो. म्हणून "उभ्यानेही बघा, खोकून दाखवतो" असं स्वतःहून सांगा. जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.

सगळ्यात जास्त फसवतो तो पोटाला बांधायचा पट्टा. बांधला की लोकलच्या गर्दीतही बरं वाटतं, आणि दोन-तीन वर्षं तशीच जातात. पट्ट्याने फट बुजत नाही. तेवढ्यात ती रुंदावते आणि ऑपरेशन अवघड होतं. पोट कमी करायला उठाबशा आणि क्रंचेस सुरू करणं ही त्याचीच बहीण. चाला, तेवढं पुरे.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे घाई. "गणपतीच्या आधी उरकून टाकू" म्हणून साखर वाढलेली असताना, सिगारेट चालू असताना टेबलावर चढायचं. फुगवटा शांत असेल तर आधी किमान चार आठवडे सिगारेट-तंबाखू बंद, साखर आटोक्यात, वजन थोडं खाली, बद्धकोष्ठता, खोकला आणि प्रोस्टेटचा त्रास यांवर उपचार. माझ्या मते अर्धं ऑपरेशन इथेच होतं.

ऑपरेशनमध्ये फटीला आधार द्यायला कृत्रिम जाळी बसवतात. "जाळी नको, नुसते टाके घाला" हा हट्टही सोडा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात तीन वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर ४३ टक्के जणांना हर्निया परत आला, जाळी बसवलेल्यांत २४ टक्के. दुर्बिणीतून की उघडून, हे फटीच्या मापावर ठरतं. मोठ्या फटीसाठी सीटी स्कॅन लागतो.

मात्र फुगवटा आत जाईना, कडक आणि दुखरा झाला, उलट्या लागल्या, वारा सरेना, तर दाबून आत ढकलत बसू नका. आतडं अडकलेलं असू शकतं. काही तासांत त्याचा रक्तपुरवठा तुटतो. त्याच रात्री मुंबईत केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. वाटेत पाणीही पाजू नका.

ऑपरेशननंतर त्याच जागी सूज आली तर लगेच "परत आला" म्हणून हाय खाऊ नका. बहुतेकदा ते साचलेलं पाणी असतं आणि काही आठवड्यांत जिरतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुईने काढून घेऊ नका, जाळीला जंतू लागतात. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. आणि पाण्याची कळशी निदान सहा आठवडे दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या.