टाळी जरा थांबून, बाबा!

हेलसिंकीत आमच्याकडे कुणी राहायला आलं की मी त्यांना मुसीक्कितालोत, म्हणजे इथल्या मोठ्या संगीतगृहात, एका तरी मैफलीला नेते. मागच्या हिवाळ्यात बाबा होते. कार्यक्रमात फ्रेंच संगीतकार देबुसी आणि फिनिश संगीतकार काइया सारिआहो यांच्या रचना. सारिआहो हेलसिंकीची, पण १९८२ पासून पॅरिसला राहिली, त्यामुळे ही जोडी ओढूनताणून लावलेली नव्हती.

तिकीट काढताना वाद्यवृंदाच्या मागची जागा बघा. मंच मध्ये आणि चहूबाजूंनी चढत गेलेल्या सतराशेच्या आसपास खुर्च्या, त्यामुळे मागे बसलं की कंडक्टरचा चेहरा दिसतो. बाबा सगळा वेळ त्याच्या भुवयांकडेच बघत होते!

आदल्या दिवशी घरी दोनच रचना ऐका, दहा-दहा मिनिटांच्या. पहिली देबुसीचा १८९४ चा 'फॉनच्या दुपारीचा प्रेल्यूड'. सुरुवातीला बासरी एकटीच असते, अर्धस्वर घासत खाली उतरते आणि तशीच वर येते. "हिचा सा कुठंय?" बाबांनी लगेच विचारलं. शोधू नका. तानपुरा नाही, सम नाही. ती शोधत बसलात तर बासरी हातची जाते. दुसरी सारिआहोची 'सिएल दिव्हेर', म्हणजे हिवाळ्यातलं आभाळ. तिच्याच 'ओरायन'मधल्या एका भागातून २०१३ साली केलेली. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र, हे सांगितल्यावर बाबा सावरून बसले. इथे चाल धरायच्या भानगडीत पडू नका. पिकोलोने, म्हणजे छोट्या बासरीने, सोडलेला सूर व्हायोलिन, क्लॅरिनेट, ओबो असा हातोहात फिरतो, तो कुणाकडे गेला एवढंच बघा.

हॉलवर पोचलात की जाडा कोट नरिक्कात, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत, द्या. हातमोजे बाहीत कोंबा, खिशातून पडतात.

आता टाळ्या. कार्यक्रमात देबुसीची 'ला मेर', म्हणजे समुद्र, ही रचनाही होती; तिचे भाग तीन, टाळी तिसऱ्यानंतर. पहिल्या भागाच्या शेवटी पितळी वाद्यं अशी काही उसळतात की मैफल संपलीच असं वाटतं. बाबांनी तिथेच "क्या बात है!" म्हणत दोन टाळ्या ठोकल्या. पुढच्या रांगेतल्या आजी वळून हसल्या, बाकी सगळीकडे शांतता. बोटांवर भाग मोजा, किंवा सरळ शेजाऱ्याचे हात हलेपर्यंत थांबा.

संपल्यावर नरिक्कापुढे लांब रांग लागते, तेव्हा पाच मिनिटं खुर्चीतच बसा. बाबा तेवढ्यात ती बासरीची ओळ गुणगुणून बघत होते. तिसऱ्या सुरावरच अडकले.