बॅरी सँडर्सच्या आठवणी चाहत्यांकडून कशा टिपून घ्याव्यात

बॅरी सँडर्स हा अमेरिकन फुटबॉलपटू डेट्रॉइट लायन्स या संघाकडून १९८९ ते १९९८ असे दहा हंगाम खेळला. ज्या पॉन्टिअ‍ॅक सिल्व्हरडोममध्ये त्याने घरचे सामने गाजवले, ते स्टेडियम २०१७ मध्ये पाडलं गेलं. त्याच्या खेळाच्या दिवसांत तिशीत असलेले प्रेक्षक आता साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्याच्या पळण्याच्या चित्रफिती हव्या तेवढ्या सापडतात. पण त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर कोण होतं, रेडिओ कुठे ठेवला होता, निवृत्तीची बातमी कळल्यावर घरात कोण काय बोललं, हे फक्त माणसांकडे आहे. ते नीट उतरवून घेण्याची पद्धत इथे दिली आहे. मिशिगनमध्ये मोटार उद्योगात गेलेल्या मराठी कुटुंबांतही असे चाहते भेटतात, त्यांच्यासाठीही हीच पद्धत चालते.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकन फुटबॉलमधला रनिंग बॅक क्वार्टरबॅककडून चेंडू हातात घेतो आणि समोरच्या अकरा जणांमधून वाट काढत पळतो. त्याने किती अंतर कापलं ते यार्डात मोजतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेला की टचडाउन. बॅरीची उंची ५ फूट ८ इंच, वजन साधारण ९२ किलो, आणि दहा हंगामांत १५,२६९ यार्ड.

आधी तारखांचा तक्ता

कुणालाही भेटण्यापूर्वी एका पानाचा तक्ता करा: तारीख, प्रतिस्पर्धी, ठिकाण, बॅरीने काय केलं, निकाल. तक्ता नसेल तर समोरचा माणूस कोणत्या सामन्याबद्दल बोलतोय हेच कळत नाही आणि पुढचा प्रश्न चुकतो. निदान एवढ्या ओळी हव्यातच:

- ५ जानेवारी १९९२, डॅलस, सिल्व्हरडोम. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) ३८–६ विजय. शेवटच्या क्वार्टरमध्ये बॅरीचा ४७ यार्डांचा टचडाउन.
- ८ जानेवारी १९९४, ग्रीन बे, सिल्व्हरडोम. बॅरीचे १६९ यार्ड, तरी २४–२८ पराभव.
- २५ सप्टेंबर १९९४, न्यू इंग्लंड, सिल्व्हरडोम. हार्लन बार्नेटला जागच्या जागी गरागरा फिरवलं तो टचडाउन. सामना हरले.
- १३ नोव्हेंबर १९९४, टँपा बे, सिल्व्हरडोम. २३७ यार्ड, कारकिर्दीतली सर्वोच्च कामगिरी, आणि एकही टचडाउन नाही.
- ३१ डिसेंबर १९९४, ग्रीन बे, त्यांच्या मैदानावर. १३ वेळा चेंडू घेऊन एकूण उणे १ यार्ड. १२–१६ पराभव.
- १२ ऑक्टोबर १९९७, टँपामध्ये. एकाच सामन्यात ८० आणि ८२ यार्डांचे दोन टचडाउन.
- २७ नोव्हेंबर १९९७, थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरमधला अमेरिकी सण), शिकागो, सिल्व्हरडोम. १६७ यार्ड, ३ टचडाउन, ५५–२० विजय.
- २१ डिसेंबर १९९७, न्यूयॉर्क जेट्स, सिल्व्हरडोम. १८४ यार्ड, १३–१० विजय, हंगामाची बेरीज २,०५३.

शेवटच्या ओळीपुढे एक खूण करून ठेवा. त्याच दिवशी लायन्सचा रेजी ब्राउन मैदानावर गंभीर जखमी झाला होता. लोक २,००० यार्डांचा आनंद सांगता सांगता मध्येच गप्प होतात ते त्यामुळे. अशा वेळी तुम्हीही गप्प राहा, दुसरा प्रश्न पुढे सरकवू नका.

ध्वनिमुद्रण

एका बैठकीत एकच माणूस, फार तर नवराबायको. चार मित्र एकत्र बसवले की मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सगळ्यांची होऊन जाते. वेळ पाऊण तास ते तास. त्यानंतर माणूस थकतो आणि ऐकीव किस्से सुरू होतात.

फोनचं रेकॉर्डर चालतं, पण ते ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह या स्वरूपात लावा. मोनोमध्ये तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. माइक तोंडापासून वीतभर. फोन थेट टेबलावर ठेवलात तर हात आपटल्याचा प्रत्येक आवाज येतो, म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल घाला. पंखा, फ्रिज, टिकटिकणारं घड्याळ यांची सोय आधी लावा. अर्धा मिनिट मुद्रण करून ऐकल्याशिवाय पहिला प्रश्न विचारायचा नाही.

शक्य असेल तर शेजारी व्हिडिओही चालू ठेवा, आणि कॅमेरा पूर्ण शरीर दिसेल इतका मागे ठेवा. याचं कारण खास बॅरीचं आहे. तो बोलायचा कमी, टचडाउननंतर नाचायचा नाही, चेंडू पंचाच्या हातात देऊन निघून जायचा. त्यामुळे चाहत्यांकडे त्याची वाक्यं नसतात, त्याच्या हालचाली असतात. डॅलसविरुद्धची ती ४७ यार्डांची पळ सांगताना साठीचा माणूसही खुर्चीतून उठतो. दोन्ही हात जवळ आणून गर्दी दाखवतो, खांदा आत दाबतो, आणि मग त्या घोळक्यातून उजवा पाय आधी बाहेर काढतो. हे लिहून घेता येत नाही. कुणी आपणहून उठलं नाही तर स्पष्ट म्हणा, “उठून दाखवाल का?”

मराठी माणसाशी मराठीतच बोला. ‘ब्लॉक’, ‘टॅकल’, ‘हँडऑफ’ हे शब्द तसेच येऊ द्या. एकाच शब्दावर मात्र लक्ष ठेवा: ‘धाव’. क्रिकेटची सवय असलेला ऐकणारा ‘दोन धावा’ म्हटलं की भलतंच समजतो. लिहिताना ‘पळ’ किंवा ‘रन’ यांपैकी एक ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

प्रश्न आणि त्यांचा क्रम

“बॅरीबद्दल काय आठवतं?” असं विचारलं की “फार ग्रेट होता” एवढंच हाती लागतं. सुरुवात जागेपासून करा. स्टेडियमला गेलेल्याला विचारा: गाडी कुठे लावायचात, कोणत्या दाराने आत जायचात, बाहेर पडताना काय व्हायचं? सिल्व्हरडोमचं कापडी छप्पर आतल्या हवेच्या दाबावर तोललेलं होतं, त्यामुळे दारातून बाहेर पडताना पाठीमागून जोराचा झोत यायचा. जो खरंच तिथे गेला आहे तो हे न विचारता सांगतो, आणि ते सांगताना त्याचा चेहरा उजळतो. त्या झोताबरोबर बाकीचं सगळंही आठवतं.

घरी बसलेल्याला विचारा: टीव्ही की रेडिओ? सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं खपली नाहीत तर ७५ मैलांच्या परिसरात घरचा सामना दाखवायचा नाही, असा लीगचा नियम तेव्हा होता. म्हणून डेट्रॉइट परिसरातल्या कित्येकांचा बॅरी हा रेडिओवरचा बॅरी आहे, समालोचक मार्क चँपियनच्या आवाजातला. ‘ऐकलेली पळ’ कमी दर्जाची समजू नका. ऐकणाऱ्याने ती मनात कशी रंगवली, हे पाहणाऱ्याच्या वर्णनाहून अनेकदा जास्त मोलाचं असतं.

तिसरा प्रश्न अपयशाचा. बॅरी कित्येकदा मागे पळायचा, दोनतीन यार्ड गमवायचा आणि मग एकदम साठ काढायचा. तेव्हा घरात काय बोललं जायचं? त्या दहा हंगामांत लायन्सने ७८ सामने जिंकले, ८२ हरले, आणि प्लेऑफमधला विजय एकच, डॅलसवरचा. या चाहत्यांचं प्रेम हरणाऱ्या संघात वाढलेलं आहे. ते वगळलंत तर उरतात नुसते आकडे.

निवृत्ती सगळ्यात शेवटी. जुलै १९९९ च्या अखेरीस, सराव शिबिर सुरू होण्याच्या तोंडावर, बॅरीने आपल्या गावच्या ‘विचिटा ईगल’ या दैनिकाला फॅक्स पाठवून खेळ सोडला. वॉल्टर पेटनच्या कारकिर्दीतल्या एकूण १६,७२६ यार्डांच्या विक्रमापासून तो १,४५७ यार्ड लांब होता, म्हणजे त्याच्यासाठी एका हंगामाचं काम. हा प्रश्न आधी विचारला तर ती कळ पुढच्या सगळ्या आठवणींवर पसरते. विचारतानाही “राग आला का?” असं विचारू नका, उत्तर तुम्हीच दिल्यासारखं होतं. “बातमी कुणी सांगितली? तुम्ही कुठे उभे होता?” एवढंच पुरे. मग विचारा की २००४ मध्ये थँक्सगिव्हिंगला त्याच्या जर्सीचा २० क्रमांक निवृत्त झाला, म्हणजे पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरलं तेव्हा, किंवा सप्टेंबर २०२३ मध्ये लायन्सच्या नव्या स्टेडियमबाहेर, फोर्ड फील्डबाहेर, त्याचा पुतळा उभा राहिला तेव्हा, काही बदललं का. रुसवा कधी आणि कशाने निवळला, हे प्रत्येकाचं वेगळं निघतं.

आठवणी कुठे सरमिसळ होतात

चित्रफिती इतक्या वेळा पाहिलेल्या असतात की टीव्हीवरचा सामना ‘मी तिथे होतो’ होऊन बसतो. यात खोटेपणा नसतो. नेहमीच्या जागा माहीत असल्या की पुरतं.

सिल्व्हरडोममध्ये मैदानावर बर्फ आठवत असेल तर तो पार्किंगमधला आहे किंवा दुसऱ्या शहरातला, कारण वर छप्पर होतं. छप्पर बर्फाने फाटलं ते १९८५ मध्ये, बॅरी येण्याच्या चार वर्षं आधी. फोर्ड फील्ड २००२ मध्ये सुरू झालं, तिथे बॅरी कधीच खेळला नाही. टँपाच्या ८० आणि ८२ यार्डांच्या पळी घरच्या मैदानावर पाहिल्याचं सांगितलं तर तो टीव्ही आहे. ग्रीन बेविरुद्धचे दोन प्लेऑफ पराभव एकाच वर्षाच्या अंतराचे असल्याने सर्रास एक होतात: १६९ यार्ड जानेवारीतले, उणे १ डिसेंबरमधला.

आणखी एक फार आवडता किस्सा. १९८९ च्या शेवटच्या सामन्यात बॅरीला लीगमधल्या सर्वाधिक यार्डांच्या किताबासाठी फक्त १० यार्ड कमी होते, आणि सामना हातात आला असल्याने त्याने पुन्हा मैदानात उतरायला नकार दिला. हे खरं आहे. पण तो सामना अटलांटात झाला, सिल्व्हरडोममध्ये नव्हे.

बोलणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. एकदा टोकलं की तो पुढचं प्रत्येक वाक्य “नक्की सांगता येत नाही, पण” असं सुरू करतो. मजकूर त्याच्या शब्दांत जसाच्या तसा ठेवा आणि खाली वेगळ्या ओळीत ‘पडताळणी’ म्हणून तारीख व ठिकाण लिहा. आठवण आणि नोंद एकमेकांत कालवायची नाही.

तिकिटं, कार्डं, टेपा, जर्सी

वस्तू समोर असली की माणूस जास्त बोलतो, म्हणून भेटीआधीच सांगा, “काही ठेवलं असेल तर काढून ठेवा.” तिकिटाच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर टिफमध्ये स्कॅन करा. मागे पेन्सिलने लिहिलेला गुणफलक पुढच्या छपाईइतकाच महत्त्वाचा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी अजिबात नको. पीव्हीसीच्या पाकिटात शाई चिकटते, पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. सगळ्यांकडे निघणारं खेळाडूचं संग्रहाचं कार्ड म्हणजे ‘स्कोअर’ या छापाचं १९८९ चं क्रमांक २५७. याच्या नकला खूप आहेत. १० पट भिंगाखाली अस्सल छपाईचे रंगीत ठिपके नीट रांगेत दिसतात, तर नकलेत ते पसरट आणि धूसर असतात.

व्हीएचएस टेपला जपा. टी-१२० टेपवर साध्या गतीत दोनच तास मावतात. सामना तीन तासांचा, म्हणून बहुतेकांनी सहा तासांच्या संथ गतीत टिपलेला असतो, आणि तीच प्रत आज थरथरते. टिपताना वापरलेला व्हीसीआर घरात असेल तर तोच वापरा, त्याच्या हेडची जुळणी त्या टेपला बसते. टेप घालण्याआधी कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पांढरी बुरशी दिसते का पाहा. दिसली तर मशीनमध्ये घालू नका, एका टेपमुळे सगळ्या टेपांना लागते. अमेरिकेतल्या टेपा एनटीएससी पद्धतीच्या. पुण्या-मुंबईला आणलेली टेप नुसत्या पाल पद्धतीच्या जुन्या व्हीसीआरवर नीट दिसत नाही आणि लोक ती खराब झाली समजून टाकून देतात. बहुपद्धती व्हीसीआर शोधा. डीव्ही स्वरूपात उतरवलं तर तासाला १३ जीबी धरा. टेपवर तारीख नसेल तर कोपरा पाहा: गुणफलकाची चौकट सतत दिसत असेल आणि वाहिनी फॉक्स असेल, तर सामना १९९४ किंवा नंतरचा. हे प्रक्षेपण घरापुरतंच ठेवा. चाहत्याचं बोलणं त्याचं असतं, प्रक्षेपणाचे हक्क वेगळ्यांचे.

जर्सी धुण्याआधी सही आहे का ते बघा. असेल तर पाणी लावू नका, उन्हात टांगू नका. नसेल तर उलटी करून थंड पाण्यात, आणि ड्रायर टाळा, नाहीतर २० आकड्याच्या छपाईला तडे जातात.

साठवण

भेटीच्या दिवशीच परवानगी लेखी घ्या: नाव द्यायचं की नाही, आवाज कुणाला ऐकवता येईल, फोटो छापता येईल का. ‘नंतर घेऊ’ म्हटलं की राहून जातं. फायलीचं नाव वर्षापासून सुरू करा, उदाहरणार्थ ‘१९९७-११-२७-शिकागो-तिकीट-०१’, म्हणजे सगळं आपोआप सामन्यांच्या क्रमाने लागतं. तारीख ठरतच नसेल तर ‘१९९४-००-००’ घाला, अंदाज ठोकून देऊ नका. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. आणि टंकलेखन मूळ माणसाला महिन्याभरात वाचायला पाठवा. वाचताना त्याला हमखास आणखी काहीतरी आठवतं, तेव्हा खाली सहासात ओळी कोऱ्या सोडा.