मुलाची तपासणी शाळेकडे लेखीच मागा

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांचं एकच गाऱ्हाणं असतं: "ताई, टीचरशी बोलले, पण काही हालत नाही." तोंडी बोलणं सोडा. ईमेल करा, तारीख घाला आणि सरळ लिहा, ‘आयडिया कायद्याखाली माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी करावी.’ (आयडिया म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा.) ‘वाचनात मागे आहे’ एवढ्यावर भागत नाही. ‘तिसरीत आहे, अजून बी आणि डी उलटे लिहितो, एका पानाला अर्धा तास लागतो’ असं लिहा. संमतीपत्रावर सही केल्यापासून केंद्रीय नियमाने 60 दिवसांत तपासणी व्हावी लागते; राज्याने स्वतःची मुदत ठरवली असेल तर ती लागू. नकार आला तर कारण लेखी मागा, ते द्यावंच लागतं.

मुलाला काय मदत द्यायची हे ठरवायच्या बैठकीत शाळेचे लोक "थोडी प्रगती आहे की" असं गोड बोलतील. तेव्हा एन्ड्र्यू एफ. खटल्याचं नाव काढा. त्यात 2017 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, नावापुरती प्रगती चालणार नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, तो शाळेनेच द्यायचा. (व्हिसाची धास्ती नको, कागदपत्रं नसली तरी मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1982 च्या प्लायलर निकालात सांगितलंय.) आणि तिथल्या तिथे सही मागितली, तर कागद घरी आणून वाचा.