नहपानाच्या नाण्यावर सातकर्णीचा ठसा कसा ओळखावा

क्षहरात हा पश्चिम भारतातल्या शक क्षत्रपांचा वंश, नहपान त्यातला राजा. भडोचचं बंदर आणि नाशिक-जुन्नरकडचे रस्ते हाती असल्याने त्यांच्या राज्यात पैसा भरपूर. ते कसं बुडालं, हे नहपानाच्या एका चांदीच्या नाण्यावर वाचता येतं. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 13,000 हून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे.

नाणं कडेने धरा, भिंग घ्या आणि टॉर्च जवळजवळ आडवा ठेवून उजेड पाडा. वरून उजेड पडला तर नवा ठसाच दिसतो, कारण खालच्या रेघा दबून चपट्या झालेल्या असतात. आधी नवं चित्र शोधा: एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या चारही टोकांना वर्तुळं. मग नाणं थोडं थोडं फिरवत जुनं शोधा. नवा ठसा मारताना नाणं सरळ धरलेलं नसे, त्यामुळे नहपानाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आडवा किंवा उलटाही असतो. नाक, डोळा, केसांची कड ठशाबाहेर उरलेली दिसते; काठाला मोडकी ग्रीक अक्षरं. मागे वज्र आणि बाण, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या जुन्या लिपींतले लेख.

फसगत होते ती दुहेरी ठशाने. हातोडा दोनदा पडला तर एकच अक्षर दोनदा दिसतं. इथे मात्र ‘नहपानस’ आणि ‘गोतमिपुतस’ अशी दोन वेगळी नावं हवीत. चिंच, लिंबू, दंतमंजन लावून नाणं घासू नका, सगळ्यात आधी जुनी पुसट रेघच जाते, आणि ती परत मिळत नाही.

नाण्यानंतर नाशिकजवळची पांडवलेणी पाहाच. लेणे 10 मध्ये नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेवल्याचा लेख आहे. त्यातल्या 2,000 वर दरमहा शेकडा 1 व्याज. हिशेब स्वतः करून पाहा: महिन्याला 20, वर्षाला 240, म्हणजे 20 भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बरोबर 12. एवढा भरवशाचा व्यवहार चालत होता. जवळच लेणे 3 मध्ये गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा मुलगा, म्हणजे हाच गौतमीपुत्र, क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटला आहे.

नहपानाच्या काळच्या लेखांतली 41, 42, 45, 46 ही वर्षं पाहून ती शक गणनेची धरून इसवी सनासाठी लगेच 78 मिळवू नका. कोणत्या गणनेची वर्षं, हे लेखांत लिहिलेलं नाही, आणि अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत.