आरोग्य कायदा रद्द करायला निघालात? मग या चुका टाळा

अमेरिकेत २०१० साली अफोर्डेबल केअर ॲक्ट हा आरोग्य विम्याचा कायदा आला, ज्याला सगळे ओबामाकेअरच म्हणतात. रिपब्लिकन पक्षाने पुढची सहा-सात वर्षं "हा कायदा रद्द करू" एवढ्या एका वाक्यावर निवडणुका लढवल्या, त्यातल्या बऱ्याच जिंकल्या, आणि २०१७ मध्ये व्हाइट हाऊस आणि संसदेची दोन्ही सभागृहं, हाऊस आणि सिनेट, अशी तिन्ही हातात आल्यावर नेमकं तेच जमलं नाही, वर पुढच्या वर्षी हाऊसही घालवून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कायदा चांगला की वाईट यात मी पडत नाही, त्यावर भांडायला माणसं कमी नाहीत. प्रश्न एवढाच आहे की असा कायदा काढायला जाणारे कुठे आपटतात. माझ्या मते घोडं दर वेळी एकाच ठिकाणी अडतं: लोकांच्या हातात काय पडलंय आणि काय अजून कागदावरच आहे, हे कुणी नीट बघत नाही.

सर्व्हे बघून हुरळून जाणं

"निम्म्या लोकांना कायदा आवडत नाही" असा आकडा आला की नेते खूश. पण आवडत नाही म्हणजे नक्की काय? २०१७ च्या सुरुवातीच्या एका सर्व्हेत साधारण एक तृतीयांश लोकांना ओबामाकेअर आणि अफोर्डेबल केअर ॲक्ट एकच आहे हेच माहीत नव्हतं. केंटकी राज्यात तर याच कायद्याखालचं विमा मार्केट 'कायनेक्ट' नावाने चालायचं, आणि कायनेक्ट चांगलं पण ओबामाकेअर नको असं म्हणणारे लोक तिथे खरंच होते. मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीवर राहता येतं, आधीपासूनचा आजार आहे म्हणून कंपनी विमा नाकारू शकत नाही, आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा लावता येत नाही, हे एकेक करून विचारा, मग बघा उत्तरं कशी फिरतात. त्यामुळे सर्व्हे करायचाच तर "हे काढून घेतलं तर चालेल का" असं विचारा, कायद्याचं नाव घेऊन विचारू नका.

आधी जमलं म्हणून आताही जमेल असं समजणं

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण आरोग्य कायदा रद्द करणं नेहमीच महागात पडतं असं अजिबात नाहीये. १९८८ मध्ये मेडिकेअर कॅटॅस्ट्रॉफिक कव्हरेज ॲक्ट आला (मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा). दोन्ही पक्षांचा पाठिंबा, राष्ट्राध्यक्ष रेगनची सही, सगळं झकास. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या आजारपणाच्या खर्चातून वाचवायचं असा हेतू, पण पैसे त्याच म्हाताऱ्यांकडून वसूल करायचे, त्यात ज्यांची कमाई बरी त्यांना पहिल्याच वर्षी ८०० डॉलरपर्यंत जादा कर. फायदे टप्प्याटप्प्याने येणार होते, कर मात्र लगेच, आणि यातल्या बऱ्याच लोकांकडे जुन्या नोकरीमुळे असंच संरक्षण आधीपासून होतं. ऑगस्ट १९८९ मध्ये हाऊसच्या वेज अँड मीन्स कमिटीचे (कर ठरवणाऱ्या समितीचे) अध्यक्ष डॅन रॉस्टेनकोव्स्की शिकागोत एका सभेतून बाहेर पडले तर ज्येष्ठ नागरिकांनी त्यांची गाडीच अडवली, शेवटी साहेब गाडीतून उतरून पायी पळाले. टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं. त्याच वर्षाच्या शेवटी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा गुंडाळला, आणि गुंडाळला म्हणून कुणाला फारसा फटका बसला नाही.

२०१७ मध्ये उलटं होतं. फायदे हातात पडून तीन वर्षं झाली होती, लाखो लोक त्यावर औषधं घेत होते. म्हणजे आधी तपासा की लोकांनी आतापर्यंत फक्त बिल भरलंय की उपचारही घेतलेत. दुसरं असेल तर जपून.

पर्याय तयार नसताना "रद्द करून नवीन आणू" म्हणणं

जानेवारी २०१६ मध्ये काँग्रेसने रद्द करण्याचं बिल पास केलं आणि ओबामांनी ८ तारखेला व्हेटो केला. व्हेटो होणार हे माहीत असताना मत देणं सोपं असतं, त्याची किंमत कुणाला मोजावी लागत नाही. वर्षभराने व्हेटो करणारा माणूस गेला आणि मग कळलं की पर्यायावर पक्षातच एकमत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रम्प म्हणाले की हेल्थ केअर इतकं किचकट असेल हे कुणालाच माहीत नव्हतं (ज्यांना माहीत होतं ते बिचारे सात वर्षं ओरडत होते). मार्चमध्ये मतांची जुळवाजुळव झाली नाही म्हणून बिल मागे घेतलं, मग ४ मे ला २१७ विरुद्ध २१३ ने कसंबसं हाऊसमधून पास केलं, तेही सुधारित बिलाचा काँग्रेशनल बजेट ऑफिसचा (बिलांचा खर्च आणि परिणाम मोजणाऱ्या संसदेच्या ऑफिसचा) हिशोब यायच्या आत, आणि त्याच दिवशी व्हाइट हाऊसच्या रोझ गार्डनमध्ये जल्लोष. नंतर हिशोब आला: २०२६ पर्यंत विमा नसलेले लोक २ कोटी ३० लाखांनी वाढतील.

मोठा आकडा एक वेळ लोक विसरतात, पण त्याच ऑफिसने मार्चच्या मसुद्यावर दिलेलं एक छोटं उदाहरण बघा. वय ६४, वर्षाची कमाई २६,५०० डॉलर. जुन्या कायद्यात सबसिडी धरून या माणसाचा वर्षाचा प्रीमियम १,७०० डॉलर, नव्यात १४,६००. म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई विम्यातच! असा एक तक्ता विरोधकांच्या हाती लागला की त्यांना प्रचाराची जाहिरात वेगळी लिहावीच लागत नाही. उपाय एकच, मतदानाआधी हिशोब मागवा, आणि तो वाचून मत द्यायची हिंमत होत नसेल तर बिल आणूच नका. आणि हो, सप्टेंबर २०२४ च्या डिबेटमध्येही ट्रम्प यांच्याकडे प्लॅनच्या फक्त "कल्पना" होत्या.

नावडता भाग तेवढा काढू, बाकी राहू दे

विमा घ्यायची सक्ती कुणालाच आवडत नव्हती, म्हणून तेवढीच काढायची आयडिया सगळ्यांना सुचते. अडचण अशी की आजारी माणसाला विमा द्यायलाच हवा आणि धडधाकट माणसावर सक्ती नाही, असं झालं की धडधाकट लोक बाहेर राहतात आणि प्रीमियम चढतात. खरं सांगायचं तर हा धोका थोडा वाढवून सांगितला गेला, कारण डिसेंबर २०१७ च्या टॅक्स कायद्याने दंड शून्यावर आणला (२०१९ पासून) तरी मार्केट कोसळलं नाही, सबसिडीने तारून नेलं. सक्ती गेली तरी निभावतं, सबसिडीला हात लावला की अंगाशी येतं.

आपल्याच पक्षाचे गव्हर्नर विसरणं

याच कायद्याने मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, जास्त लोकांना खुला केला होता; २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, आणि ओहायोचे केसिक, नेवाडाचे सॅन्डोव्हाल अशा रिपब्लिकन गव्हर्नरांनीही तो घेतला. आता वॉशिंग्टनमधून तोच पैसा कापायचा म्हणजे आपल्याच माणसाच्या बजेटला भोक. नेवाडाचे सिनेटर डीन हेलर जून २०१७ मध्ये सॅन्डोव्हाल यांच्या शेजारी उभे राहून सिनेटच्या रद्द करण्याच्या बिलाला नाही म्हणाले आणि जुलैमध्ये कायद्याचे मोजकेच भाग काढणाऱ्या छोट्या बिलाला हो म्हणाले. तेलही गेलं, तूपही गेलं, २०१८ मध्ये सीट गेली. ते छोटं बिलही २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर ४९ विरुद्ध ५१ ने पडलंच, मॅककेन, कॉलिन्स आणि मुर्कोव्स्की हे तीन रिपब्लिकन विरोधात गेले. सिनेटमध्ये ५२ जागा असताना फक्त दोघांची नाराजी परवडते, हे साधं गणित होतं.

हाऊसमध्ये मतं जुळवून देणारे न्यू जर्सीचे टॉम मॅकार्थर यांना तर आपल्या मतदारसंघातल्या एका सभेत जवळपास पाच तास लोकांची बोलणी खावी लागली, आणि २०१८ मध्ये तेही पडले.

संसदेत जमलं नाही म्हणून कोर्टात जाणं

फेब्रुवारी २०१८ मध्ये रिपब्लिकन राज्यांनी कायद्याविरुद्ध केस टाकली, ऐन निवडणुकीच्या वर्षात! वेस्ट व्हर्जिनियात डेमोक्रॅट जो मॅन्चिन यांनी जाहिरातीत त्या केसच्या कागदांवर शॉटगनने गोळी झाडली, कारण त्यांचे प्रतिस्पर्धी मॉरिसी राज्याचे ॲटर्नी जनरल (मुख्य सरकारी वकील) म्हणून त्या केसमध्ये होते. मॅन्चिन जिंकले. मिसुरीत मात्र केसमध्ये असलेले रिपब्लिकन हॉली निवडून आले, तेव्हा हे अस्त्र सगळीकडे सारखं चालतं असं नाही. केस शेवटी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने फेटाळली.

तारखा नीट न बघणं

यातून पक्ष शिकला, नाही असं नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात "रद्द" हा शब्द टाळला आणि मेडिकेडसाठी कामाची अट १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची असं ठरवलं, म्हणजे नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक उरकल्यावर. पण २०२१ ची वाढीव सबसिडी २०२५ च्या अखेरीला संपत होती, त्यावरून १ ऑक्टोबरपासून सरकार ४३ दिवस बंद पडलं. त्यातच नव्या वर्षाचा विमा निवडायची खिडकी दर वर्षी १ नोव्हेंबरला उघडते, त्यामुळे वाढलेला प्रीमियम स्क्रीनवर दिसतो तो नेमका मतदानाच्या आठवड्यात. तेव्हा कपात लागू कधी होते ते नंतर बघा, आधी तिची नोटीस घरी कधी पोचते ते विचारा.