बाहेरची स्क्रिप्ट अडकली तरी पान अडकू नये म्हणून

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणारी स्क्रिप्ट, म्हणजे वेबपानात चालणारा जावास्क्रिप्ट कोड, कधीतरी येणार नाही, हे धरूनच पान बांधायचं. इथे उदाहरण पेमेंटच्या स्क्रिप्टचं घेतो, कारण ती रखडली की थेट गल्ल्यावर परिणाम होतो.

आधी झाडलोट. नको त्या स्क्रिप्ट काढून टाका. मार्केटिंगवाल्यांना विचाराल तर बऱ्याच ट्रॅकिंग पिक्सेलना (पान बघणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या कोडला) आता कोणी वालीच नाही, हे कळेल.

उरलेल्यांच्या टॅगला, क्रम महत्त्वाचा असेल तर डिफर (पान वाचून झाल्यावर क्रमाने चालवा), नसेल तर असिंक (येईल तशी चालवा) लावा. यातलं काहीच न लावता पानाच्या वरच्या हेड भागात टाकलेली स्क्रिप्ट रखडली, की पांढरा पडदा.

आता खरी मेख. ‘ऑनएरर लावा, झालं काम’ हा सल्ला जागोजागी मिळतो आणि तो अर्धवट आहे. ऑनएरर म्हणजे फाइल आणता आली नाही तर चालणारा कोड, ऑनलोड म्हणजे ती आली की चालणारा. ४०४ (फाइल सापडली नाही) आला, डीएनएसमध्ये सर्व्हरचा पत्ता सापडला नाही, ॲडब्लॉकरने अडवलं, तर ऑनएरर लगेच चालतो. पण सर्व्हरने कनेक्शन घेतलं आणि पुढे उत्तरच दिलं नाही, तर? ब्राउझर स्वतः कंटाळेपर्यंत ना ऑनलोड, ना ऑनएरर. कन्सोलमध्ये लाल ओळ नाही, लॉगमध्ये नोंद नाही, ग्राहक मात्र गरगरणारं चक्र बघत बसलेला. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच त्रिशंकू अवस्थेने.

म्हणून टायमर आपलाच हवा. टॅग जावास्क्रिप्टने तयार करा आणि ऑनलोड, ऑनएरर, सेटटाइमआउट (जावास्क्रिप्टचा टायमर) हे तिन्ही एकाच प्रॉमिसला (एकदाच लागणारा निकाल धरून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टला) बांधा. जो आधी येईल त्याचा निकाल धरायचा. मी ८ सेकंद ठेवतो. २ सेकंद ठेवायला सांगणाऱ्यांनी एकदा लोकलमध्ये बसून मोबाइल डेटावर आपलीच साइट उघडून बघावी.

ऑनलोड आला म्हणूनही हुरळून जाऊ नका. फाइल आली, एवढंच तो सांगतो. आतला कोड पहिल्याच ओळीला कोसळला तरी ऑनलोड येतोच. पेमेंटचा ग्लोबल ऑब्जेक्ट (स्क्रिप्ट पानभर वापरायला देते तो) खरंच तयार झालाय का, हे जावास्क्रिप्टच्या टाइपऑफने तपासा.

आणखी एक खोच: टायमर संपला म्हणून स्क्रिप्ट थांबत नाही. टॅग पानावरून काढून टाकलात तरी मागवलेली फाइल सावकाश येते आणि चालते. म्हणून पुन्हा प्रयत्न करण्याआधी तो ऑब्जेक्ट आहे का बघा, नाहीतर तीच स्क्रिप्ट दोनदा चालेल. पुन्हा मागवताना टॅग नवा लागतो. जुन्याचा एसआरसी (फाइलचा पत्ता) बदलून काही होत नाही.

तरीही नाहीच आली, तर ‘पेमेंट सध्या सुरू होत नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असं स्वच्छ मराठीत दाखवा. कार्ट रिकामी करू नका.

इंटेग्रिटीचा हॅश (फाइल बदललेली नाही हे ब्राउझरला तपासू देणारा ठसा) ठरावीक आवृत्तीच्या फाइललाच लावा. पेमेंटवाले आपली फाइल न सांगता बदलतात. त्या दिवशी हॅश जुळणार नाही आणि ब्राउझर ती अडवेल. साध्या लायब्ररी तर स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा. २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ हे, जुन्या ब्राउझरसाठी लागणारा कोड पुरवणारं डोमेन नव्या मालकाकडे गेलं आणि ज्या साइट्स तिथून स्क्रिप्ट घेत होत्या, त्यांच्या पानांवर घातक कोड पोचला.

चाचणी घेताना होस्ट्स फाइलमध्ये (डोमेनचा पत्ता आपल्या मशीनपुरता बदलणारी फाइल) १२७.०.०.१, म्हणजे आपलंच मशीन, लिहून समाधान मानू नका. तिथे कनेक्शन लगेच नाकारलं जातं, म्हणजे सोपी केसच तपासली जाते. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) चार ओळींचा सर्व्हर लिहा, जो रिक्वेस्ट घेतो आणि गप्प बसतो. स्क्रिप्टचा पत्ता त्याच्याकडे वळवा आणि ८ सेकंदांनी पेमेंटच्या बटणाचं काय होतं ते बघा.