वलगण, सांडवा आणि ओहोटी: धरण-खाडी पट्ट्यातील मच्छीमारांसाठी पावसाळी सल्ला

पहिल्या जोरदार पावसाने ओढ्यांना लोंढे आले की धरणातले मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. ही वलगण अगदी हाताने धरता येते, आणि म्हणूनच ती सोडून द्यायला हवी. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. मादीचं पोट फुगून मऊ लागतं, नराचं पोट हलकेच दाबलं तरी दुधासारखा स्राव येतो. असे मासे जाळ्यात आले तर लगेच पाण्यात सोडा. ओढ्याच्या मुखाशी आडवं कांडाळ जाळं लावू नका. चार दिवसांच्या कालवणासाठी पुढच्या हंगामाचं बीज जातं.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, धरणात सोडायची घाईही नको. सांडवा वाहत असताना सोडलेली पिल्लं पाण्याबरोबर खाली निघून जातात. विसर्ग थांबल्यावर, सकाळी किंवा संध्याकाळी, 8 ते 10 सेंटिमीटरची बोटुकली सोडा. त्याहून बारीक असली की मरळ, शिवड्याच्या पोटात जातात. बोटुकलीची पिशवी आधी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग धरणाचं पाणी थोडं थोडं आत घेऊन पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्या.

धरणाखाली खाडीचं गणित वेगळं. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं आणि खारं खाली राहतं. वरच्या थरात पाग (हाताने फेकायचं जाळं) रिकामा आला म्हणजे खाडी रिकामी झाली असं नाही. मासा खाली किंवा खाडीच्या तोंडाकडे सरकलेला असतो. गढूळ आणि निवळ पाणी जिथे मिळतं ती कड आधी पाहा. मात्र ओहोटी आणि विसर्ग एकत्र ओढत असताना लहान होडी तोंडाशी नेऊ नये. समोरून येणारी लाट तिथे उभी राहून फुटते. गेट उघडण्याची सूचना आणि भरती-ओहोटीची वेळ, दोन्ही पाहूनच निघा.

खाडीतला जिताडा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी मिरवायचा तो भला मोठा जिताडा बहुधा मादीच! मधल्या आकाराचा ठेवा, मोठा सोडा.

पिंजऱ्यात मासे वाढवणाऱ्यांनी सलग ढगाळ दिवसांत पहाटे फेरी मारावी. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवून वायुवीजन (पाण्यात हवा सोडणं) सुरू करावं.